ऑफिसातलं कुणी आवडलं, तर मेल कसा लिहावा

इंदूरच्या ऑफिसांत नव्यानं लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. सुपर कॉरिडॉरवरची मोठी कंपनी असो, विजय नगरातली चार खोल्यांची फर्म असो की पीथमपूरचा कारखाना, दिवसाचे नऊ-दहा तास जिथे जातात तिथलंच कुणी आवडू लागणं अगदी साहजिक आहे. अडचण त्याच्या पुढे येते. समोर जाऊन बोलायला संकोच वाटतो, फोन नंबर मागायला जीभ रेटत नाही, आणि कामाचे मेल मात्र दिवसभर जात-येत असतात. मग वाटतं, तिथूनच सुरुवात करावी.

करता येते. मेलवरून चांगली मैत्री होते आणि मैत्रीतून पुढचंही जुळतं. अशी लग्नं मी जेवून आले आहे. काही वर्षं मी एका कंपनीच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या समितीवर, होते, त्यामुळे हेच प्रकरण बिघडतं तेव्हा कसं बिघडतं तेही जवळून पाहिलं आहे. दोन्हींत फरक पाडणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच असे: समोरच्या माणसाला भीड न पडता 'नाही' म्हणता येत होतं का. पुढची प्रत्येक पायरी मी त्याच एका गोष्टीवर घासून पाहिली आहे. लिहिताना मी 'ती' म्हणते आहे, मुलींनी तिथे 'तो' वाचावं; सांगणं दोघांनाही सारखंच आहे.

लिहिण्याआधी

पहिलं पाहायचं ते कामातलं नातं. ती तुमच्या हाताखाली असेल, तिची रजा तुम्ही मंजूर करत असाल किंवा अप्रेझलमध्ये तुमचा शब्द चालत असेल, तर मेल लिहू नका. ट्रेनी, इंटर्न, प्रोबेशनवरची मुलगी, जिची बिलं तुमच्या टेबलावरून पास होतात ती व्हेंडरकडची व्यक्ती, हे सगळे त्यातच आले. अशी व्यक्ती तुम्हाला गोड उत्तर देईलही, पण ते तुम्हाला दिलंय की तुमच्या खुर्चीला, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. कधीकधी तिलाही कळत नाही. टीम बदलली, खातं बदललं, की मग पाहा.

दुसरं, जॉइन होताना सह्या केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात आचारसंहिता असते, ती काढून नीट वाचा. काही कंपन्या सहकाऱ्यांच्या नात्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, काही ठिकाणी एचआरला कळवावं लागतं, काही ठिकाणी एकाच साखळीत वर-खाली असलेल्यांना साफ मनाई असते. यासाठी एचआरकडे तोंडी विचारायला जाऊ नका. विचारलंत की 'कुणासाठी?' हा प्रश्न आलाच.

तिसरं म्हणजे चौकशा. त्या करू नका. राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर, इथल्या मराठी घरांत कोण कुणाचं कोण हे दोन फोनमध्ये कळतं. तुम्ही आत्याकडे सहज म्हणून एक आडनाव काढता, संध्याकाळपर्यंत ते तिच्या मावशीच्या कानावर गेलेलं असतं, आणि सोमवारी ती ऑफिसात येते ती तुमच्याबद्दलची धास्ती घेऊनच. तसंच सोशल मीडियावरचे तिचे जुने फोटो उकरत बसू नका. तुम्हाला तिच्याबद्दल जास्त माहीत असलं की बोलण्यात ते कधीतरी निसटतं, आणि मग 'याला हे कुठून कळलं' हा विचार तिच्या डोक्यातून जात नाही. तिच्या तोंडून जे कळेल तेवढंच माहीत असू द्या.

चौथी गोष्ट खास आपल्या शहरातली आहे आणि ती मला जरा सविस्तर सांगायची आहे. दिवसभर हिंदी, मेलमध्ये इंग्रजी, आणि अशात पलीकडच्या टेबलावरचं आडनाव मराठी निघतं. दोघं एकदम खुलतात. मूळ गाव कोणतं, शाळा कुठली, तुमच्याकडे पुरणपोळी दुधाशी की कटाच्या आमटीशी, अशा गप्पा सुरू होतात. बाकीच्यांना त्या कळत नाहीत, म्हणून आपोआप खाजगी वाटू लागतात. पण या खुलण्यातला मोठा भाग निव्वळ मराठी बोलायला मिळाल्याचा असतो. तितक्याच मोकळेपणानं ती अकाउंट्समधल्या निवृत्तीला आलेल्या काकांशीही बोलत असते. तेव्हा ती इतर मराठी माणसांशी कशी बोलते ते आधी पाहा, आणि तुमच्याशी बोलणं त्याहून वेगळं आहे का ते मग ठरवा. शिवाय तुम्ही दोघंच मराठीत बोलू लागलात की बाकीचं ऑफिस 'काहीतरी शिजतंय' असंच धरून चालतं. त्याचा ताप बहुधा मुलीला जास्त होतो. तिसरं कुणी शेजारी असलं की हिंदीवर या.

कोणत्या पत्त्यावरून

ऑफिसचा मेल कंपनीच्या मालकीचा असतो. त्याच्या प्रती सर्व्हरवर राहतात, बॅकअपमध्ये राहतात, आणि तुम्ही इनबॉक्समधून पुसला म्हणून तो पुसला जात नाही. चौकशी निघाली किंवा कुणी नोकरी सोडली, तर तो दुसऱ्या कुणीतरी उघडण्याची शक्यता असते. म्हणून ऑफिसच्या पत्त्यावरून तेवढंच लिहा, जे उद्या तुमच्या मॅनेजरनं वाचलं तरी तुमची किंवा तिची मान खाली जाणार नाही. कामाच्या मेलच्या शेवटी एखादी घरगुती ओळ, नाटकाबद्दलचा प्रश्न, गणपतीच्या सुट्टीची विचारपूस, एवढं चालतं.

त्याहून मोकळं लिहायचं तर खाजगी पत्ता हवा, आणि तो तिनं स्वतः दिलेला हवा. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तिचा नंबर दिसतो म्हणून तो वापरणं, एचआरच्या शीटमधून पत्ता उचलणं, हे करू नका. मागायचा तर असा मागा की टाळता येईल: 'ते फोटो पाठवायचे आहेत, ऑफिसच्या मेलवर मोठी फाइल जात नाही. खाजगी पत्त्यावर पाठवू, की पेन ड्राइव्हवर देऊ?' तिनं पेन ड्राइव्ह म्हटलं तर पेन ड्राइव्ह द्या आणि पत्त्याचा विषय पुन्हा काढू नका.

तांत्रिक बाबी चार. घरगुती मजकूर कधीही कामाच्या चालू मेलच्या खाली लिहू नका, नवा मेल उघडा. कामाची साखळी पुढे क्लायंटकडे जाते आणि तिच्याबरोबर तुमच्या गप्पाही जातात. पत्त्याच्या रकान्यात पहिली दोन अक्षरं टाकल्यावर यादी आपोआप नाव सुचवते, तेव्हा एकाच नावाच्या दोघी असतील तर डोळे उघडे ठेवून निवडा. आणि जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत सेटिंगमध्ये जाऊन 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती आजच वाढवून ठेवा. रीड रिसीट मात्र बंद. वाचला की नाही यावर पाळत ठेवणं कुणालाच आवडत नाही.

पहिला मेल

पहिल्या मेलला काहीतरी खरं निमित्त लागतं, आणि सगळ्यांत चांगलं निमित्त म्हणजे तिनंच कधीतरी बोललेली गोष्ट. समजा सोमवारी चहाच्या वेळी रविवारच्या नाटकाचा विषय निघाला. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत सानंद या संस्थेच्या मराठी नाटकांना जाणं ठरलेलं असतं, त्यामुळे हा विषय नेहमीचाच. तर मेल असा असू शकतो:

*विषय: दुसरा अंक*

*नमस्कार. सोमवारी तुम्ही म्हणालात की नाटक दुसऱ्या अंकात लांबलं. घरी हे सांगितलं तर आई माझ्यावरच रागावली, तिच्या मते तोच अंक सगळ्यात चांगला होता. तुम्हाला नेमकं कुठे लांबल्यासारखं वाटलं? म्हणजे आईशी वाद घालायला मुद्दा मिळेल. सवडीनं कळवा, घाई काहीच नाही.*

यात काय आहे ते पाहा. विषयाच्या ओळीत 'हाय' किंवा नुसते तीन ठिपके नाहीत, तर उघडण्याआधी कळेल असं काहीतरी आहे. पहिल्याच वाक्यात तिचं बोलणं आहे, म्हणजे तुम्ही ऐकत होतात हे न सांगता कळतं. प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं. घरच्या माणसाचा उल्लेख आला, पण घरचा इतिहास आला नाही. तिच्या दिसण्याबद्दल अक्षर नाही. आणि 'घाई नाही' हे शब्द असल्यामुळे तिनं चार दिवस उत्तर दिलं नाही तरी कुणाचीच अडचण होत नाही.

याच्या उलट मेल असा असतो: 'तुमचा स्वभाव खूप छान वाटला, तुमच्याशी मैत्री करायला आवडेल.' लिहिणाऱ्याला हे सभ्य वाटतं. वाचणारीला मात्र पहिल्याच फटक्यात निकाल द्यावा लागतो: हो म्हणावं तर कशाला हो म्हणतोय ते माहीत नाही, नाही म्हणावं तर उद्या याच माणसाशी मीटिंग आहे. मैत्री मागायची नसते. नाटकाबद्दल विचारा, तिला वाटलं तर ती होईल.

संबोधन 'तुम्ही'च ठेवा, ती 'अहो' म्हणत असेल तोवर नक्कीच. वयानं बरोबरीचे असलात आणि तिनं आपणहून 'तू' सुरू केलं, तर तुम्हीही करा. देवनागरीत लिहायचं की रोमनमध्ये, हे ती जसं लिहिते तसं. पाठवायची वेळ कामाच्या तासांतली हवी, शक्यतो जेवणाच्या सुट्टीच्या आसपासची. रात्री साडेअकराला सुचलं तर लिहून ठेवा आणि शेड्यूल करून सकाळी दहाला जाऊ द्या. रात्री उशिरा येणारा मेल मजकुरानं कितीही साधा असला तरी वेगळा वाचला जातो.

उत्तर कसं वाचायचं

नवखी मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती इथे. मेल लिहायला ती तासभर घेतात आणि आलेलं उत्तर मात्र आपल्याला हवं तसं वाचतात.

उत्तर किती वेळात आलं यावरून काही ठरवू नका. महिनाअखेर असेल, रिलीज असेल, मार्च असेल, घरी पाहुणे असतील. हसरा चेहरा, 'हाहा', उद्गारचिन्हं यांनाही फार अर्थ नाही. सगळ्यांनाच ती टाकायची सवय असते. कामात सौजन्यानं वागणं हा तिच्या नोकरीचा भाग आहे, आणि मुलींना तर ते लहानपणापासून शिकवलेलं असतं.

पाहायचं ते हे: तिला विचारलं नव्हतं ते तिनं सांगितलं का? नाटकाच्या प्रश्नाला 'मध्यंतरानंतरचा प्रवेश लांबला असं वाटलं, धन्यवाद' एवढंच आलं, तर ते सौजन्य आहे. 'मध्यंतरानंतरचा प्रवेश. पण तुमच्या आईंचं म्हणणंही मला पटतं, माझी आजी तिथेच रडत होती. तुम्ही मागच्या वेळचं पाहिलं होतं का?' असं आलं, तर तिला बोलणं पुढे न्यायचं आहे. उलट प्रश्न ही सगळ्यात भरवशाची खूण. दुसरी खूण म्हणजे कधीतरी सुरुवात तिच्याकडून होणं. तुमच्या मेलना दर वेळी उत्तर येतं, पण आपणहून तिचा एकही मेल येत नाही, असं महिनाभर चाललं, तर ती उत्तरं भिडेखातर येताहेत असं समजा आणि हळूहळू थांबा. थांबण्यासाठी काही जाहीर करावं लागत नाही. लिहिणं कमी करा, चहाला भेटलात तर पूर्वीसारखंच हसून बोला.

मी स्वतः जो नियम सांगते तो सोपा आहे. उत्तर न आलेल्या मेलवर घरगुती मेल दुसऱ्यांदा पाठवायचा नाही. कामाचा असेल तर जरूर पाठवा, त्यात तुमच्या पहिल्या मेलचा उल्लेख नको. 'मेल मिळाला का?', 'रागावलात का?', 'बिझी दिसताय' या तीन ओळींनी मी चांगली ओळख नासलेली पाहिली आहे. त्या वाचल्या की तिला वाटू लागतं, आपण या माणसाचं काहीतरी देणं लागतो.

उत्तराची लांबीही पाहत राहा. तुम्ही वीस ओळी लिहिता आणि तिच्या तीन येतात, तर तुम्ही पाचांवर या. तिच्या वाढल्या तर तुमच्या वाढू द्या. आणि तिनं बोलता बोलता 'आमचे हे', 'माझा मित्र', 'घरी बघायचं चाललंय' असं काही सांगितलं, तर ते सहज निघालं असं धरू नका. पुष्कळदा तो तुम्हाला दिलेला सभ्य इशारा असतो. घ्या.

काय लिहावं, काय टाळावं

खाणं हा इंदुरात न संपणारा विषय आहे आणि त्यात कुणाला अवघडायला होत नाही. कोणाकडचे पोहे, गराडूचे दिवस आले का, भुट्ट्याचा किस घरी तसा का होत नाही, यावर आठवडे निघतात. रंगपंचमीची गेर, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, पावसाळ्यातला पातालपाणीचा धबधबा, वाचलेलं पुस्तक, दिवाळीच्या फराळातला फसलेला अनारसा. मुद्दा विषयाचा कमी आणि तिला त्यात काही सांगण्यासारखं आहे का याचा जास्त.

टाळायचं ते म्हणजे तिचे कपडे, केस, वजन, रंग, कौतुक म्हणूनसुद्धा. बॉसबद्दलच्या तक्रारी लेखी करू नका, कारण त्या तिच्याही नावावर जमा होतात. दुसऱ्या सहकाऱ्यांची कुचाळकी नको, फॉरवर्ड केलेले विनोद आणि सुप्रभात नको, शेरोशायरी तर मुळीच नको. तिचं काम आपणहून करून देण्याचाही सपाटा लावू नका. एकदा एक्सेलची शीट दुरुस्त करून दिलीत, ठीक. रोज देऊ लागलात की उपकार साचतात, आणि उपकारांखाली दबलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं अवघड होतं.

चहाला बोलावणं

मेल दीड-दोन महिने दोन्ही बाजूंनी चांगले चालले, की एकदा ऑफिसबाहेर भेटायला विचारा. त्याहून फार लांबवू नका. नुसत्या मेलमध्ये माणूस आपल्या मनानं रंगवला जातो आणि खरा भेटला की दोघांचाही हिरमोड होतो.

बोलावणं नेमकं हवं, छोटं हवं आणि सुटायला सोपं हवं. 'कधीतरी भेटूया' याला कुणीही 'हो, नक्की' म्हणतं आणि त्याचा काही अर्थ नसतो. असं लिहा: 'शनिवारी सकाळी छप्पनला पोहे खायला जायचा विचार आहे, दहाच्या सुमारास. तुम्ही आलात तर आवडेल, अकरापर्यंत आटपेल. नाही जमलं तरी हरकत नाही, सोमवारी जीरावन किती होतं ते सांगतो.' यात दिवस आहे, वेळ आहे, संपायची वेळही आहे, आणि नाही म्हणायची वाट शेवटच्या वाक्यात मोकळी ठेवली आहे. छप्पन, म्हणजे छप्पन दुकान ही खाण्याच्या दुकानांची रांग, यासाठी उत्तम: उजेड, गर्दी, ती आपली आपण येऊ-जाऊ शकते. सराफ्यातला खाऊबाजार कितीही आवडता असला तरी तो रात्रीचा, पहिल्या भेटीला नको. मांडू किंवा पातालपाणी बाइकवरून, हे तर ओळख पक्की होईपर्यंत काढूच नका. घ्यायला येण्याचा आग्रह करू नका, घर कुठे ते विचारू नका. तिनं मैत्रिणीला बरोबर आणलं तर आनंदानं तिचेही पैसे द्या आणि तिच्याशीही नीट बोला.

'या शनिवारी नाही जमणार, पण पुढच्या रविवारी चालेल का?' असं आलं तर ते होच आहे. 'नाही जमणार हो' एवढंच आलं आणि पुढे काही नाही, तर आणखी एकदा, महिन्याभरानं, विचारायला हरकत नाही. तिसऱ्यांदा विचारू नका.

मनातलं सांगणं

दोन-तीनदा भेटलात, बोलणं रंगलं, आता सांगायचं आहे. समोरासमोर की मेलवर? पुष्कळ लोक म्हणतील समोरासमोरच, त्यातच हिंमत. सहकाऱ्याच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. समोर विचारलंत की तिला त्याच क्षणी चेहरा सांभाळत उत्तर द्यावं लागतं. मेलवर तिला विचार करायला वेळ मिळतो, कुणाशी बोलायचं तर बोलता येतं, आणि नकार द्यायचा तर तुमचा पडलेला चेहरा पाहावा लागत नाही. तुमचं बोलणं समोरासमोर छान होत असेल तर अवश्य तोंडी सांगा, पण उत्तर तिथल्या तिथे मागू नका.

मेल खाजगी पत्त्यावरून, शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर पाठवावा. मधे दोन दिवस मिळतात. तिचा वाढदिवस, व्हॅलेंटाइन डे, अप्रेझलचा आठवडा, घरी आजारपण, या दिवसांत नको. आडून आडून खडे टाकू नका, आणि तीन पानंही लिहू नका. इतकं पुरतं:

*गेल्या काही महिन्यांत तुझ्याशी बोलणं मला फार आवडू लागलं आहे, आणि ते मैत्रीच्या पुढचं आहे हे मला कळतंय. तुलाही तसं वाटत असेल तर आपण पुढे बोलू. वाटत नसेल तर तेवढंच कळव, किंवा काही लिहू नकोस, मी समजेन. कामात माझ्याकडून काहीही बदलणार नाही.*

'तू नाहीस तर', 'पहिल्याच दिवसापासून', 'आयुष्यभर' असलं काही यात नाही. मोठ्या शब्दांचं ओझं वाचणाऱ्यावर पडतं. आणि शेवटचं वाक्य खरं करता येणार असेल तरच लिहा.

पाठवलंत की मेल बंद करा आणि घरच्यांबरोबर कुठेतरी जा. शनिवारी 'वाचलंस का?' नाही.

हो आलं तर

आनंद करा. मग दोघांनी बसून एवढं ठरवा: ऑफिसात कुणाला आणि कधी सांगायचं. तुमच्या एकट्याच्या मनानं जवळच्या मित्रालासुद्धा सांगू नका. आचारसंहितेत कळवायचं म्हटलं असेल तर वेळेत कळवा. ऑफिसच्या मेलवर यापुढे फक्त काम. घरच्यांचं दोघांनी आपापल्या घरी, साधारण एकाच सुमारास सांगितलेलं बरं. नाहीतर एका घरची बातमी दुसऱ्या घरी लग्नाच्या पंगतीत पोचते. पुढे बढतीत एकाकडे दुसऱ्याचं अप्रेझल आलं, तर ते दुसऱ्या कुणाकडे द्यावं असं आपणहून एचआरला सांगा.

नाही आलं, किंवा काहीच आलं नाही

दोन्हींचा अर्थ एकच. 'विचार करते', 'सध्या या सगळ्याचा विचार नाही', 'तू खूप चांगला मित्र आहेस' हेही 'नाही'च आहे, फक्त भिडस्त माणसाचं. कारण विचारू नका. उत्तर आलं असेल तर एवढंच लिहा: 'स्पष्ट सांगितलंस, बरं वाटलं. यावर पुन्हा बोलणार नाही. सोमवारी भेटू.' उत्तर आलं नसेल तर काहीही लिहू नका. तिच्या मैत्रिणीमार्फत निरोप, भेटवस्तू, स्टेटसवर दुःखाची गाणी, रस्त्यात सहज गाठ पडल्यासारखं करणं, यातलं काही नको. आपल्याकडे चिकाटीचं फार कौतुक होतं, पण इथे चिकाटी म्हणजे तिनं दिलेलं उत्तर न ऐकणं, आणि त्याचा त्रास तिला रोज ऑफिसची पायरी चढताना होतो.

कायदा माहीत असू द्या. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला आळा घालणारा कायदा 2013 चा आहे. त्याची पाळंमुळं सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये दिलेल्या विशाखा निकालात आहेत. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते, योग्य कारण असेल तर समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. नको असलेल्या वागण्यात शब्दही येतात, आणि मेल म्हणजे लेखी शब्द. त्याशिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 78 आहे: स्त्रीनं नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही जवळीक वाढवण्यासाठी पुन्हा पुन्हा संपर्क करणं, किंवा तिच्या इंटरनेट-मेलच्या वापरावर पाळत ठेवणं, हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या मुलीला असे मेल येत असतील तिनं ते पुसू नयेत, जपून ठेवावेत, आणि एका ओळीत 'मला कामाव्यतिरिक्त मेल करू नका' असं लेखी कळवून ठेवावं. मुलांना असा त्रास होत असेल तर 2013 चा कायदा त्यांना लागू नाही, पण कंपनीच्या आचारसंहितेखाली एचआरकडे जाता येतं, आणि जावं.

राहता राहिला सोमवार. तो अवघड जातो, कबूल. तिच्याशी काम असेल तर ते टाळू नका, कारण टाळलंत की तिच्या कामाचं नुकसान होतं आणि नकार दिल्याची शिक्षा झाल्यासारखं तिला वाटतं. मीटिंगमध्ये पूर्वीइतकंच बोला, तिची सूचना चांगली असेल तर चांगली म्हणा. पहिला कामाचा मेल शक्यतो तुम्हीच पाठवा, म्हणजे तिला वाट पाहावी लागत नाही. नेहमीची माणसं सीसीमध्ये ठेवून, नेहमीच्याच भाषेत: 'मागच्या आठवड्याची यादी जोडली आहे. तिसऱ्या रकान्यातले आकडे एकदा पाहून घ्याल का? बुधवारपर्यंत चालेल.'